मुलगा शेती करतो, बाकी सगळं चांगलं आहे

जानेवारी सरता सरता इथे नेदरलँड्सच्या दुकानांत नाशिकची द्राक्षं येतात. अर्ध्या किलोचा डबा मी उलटासुलटा करून बघतो. निफाडचा माणूस, मणी बघितल्याशिवाय राहवत नाही. माझा धाकटा भाऊ तिकडे तीन एकर बाग करतो. वय चौतीस, लग्न जमत नाही.

शेती सोडून जाणाऱ्यांबद्दल मामा फोनवर म्हणतात, "आजकालच्या पोरांना कष्ट नको झालेत." मला राग येतो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका खोलीत चौघं दाटीवाटीनं राहून वर्षानुवर्षं एमपीएससी करणारी पोरं काय कष्टाला भितात? भितात ती शेतमालाच्या बेभरवशाच्या दराला. कांद्याच्या बाजाराचं लासलगाव आमच्याच तालुक्यात. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, ती उठायला मे उजाडला. कुठल्या कारकुनाचा पगार कांद्याच्या दरासारखा एका रात्रीत पडतो? मुलीचा बाप हाच हिशेब करतो, त्याला तरी काय बोलणार! डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेले, तेव्हा लोक हसले. मुलींच्या घटलेल्या संख्येचा प्रश्न त्यात होताच. आमच्या घरात कोणी हसलं नाही.

"तुमच्याकडे शेतकऱ्याला मान असतो ना?" असं गावाकडचे मला विचारतात. असतो. पण इथल्या टीव्हीवरही शेतकऱ्यांना जोडीदार शोधून देणारा कार्यक्रम वर्षानुवर्षं गाजतोय. आमच्या घरामागच्या गोठ्यात रोबो धार काढतो, मालकाचा मुलगा शेतीच शिकलाय, तरी बहिणींचा वाटा देऊन जमीन त्याच्याकडे कशी राहणार, याचा बापाला घोर. शिवाय २०१८ पासून दुभत्या गाई वाढवायच्या तर फॉस्फेटचे हक्क, म्हणजे शेणातून पडणाऱ्या फॉस्फेटचा परवाना, विकत घ्यावे लागतात. युरोपीय संघात २०२० साली चाळिशीच्या आतले शेती चालवणारे जेमतेम १२ टक्के होते. इथे पोरांना शेतीची लाज नाही, भांडवल नाही. आपल्याकडे दोन्हीची अडचण.

आणि वाटणीची. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं १.३४ हेक्टरचं, म्हणजे साधारण आमच्याच बागेएवढं. मागच्या महिन्यात पाहुण्यांनी भावाला विचारलं, "तीन एकरांत परदेशातल्या भावाचा हिस्सा किती?" सातबाऱ्यावर माझं नाव अजून आहे. त्यानं हा विषय माझ्याकडे कधी काढला नाही, मला आईकडून कळलं.

दिवाळीत जाऊन हक्कसोडपत्र करून द्यायचं म्हणतोय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.