बंदी होती, तर सिनेमे आले कुठून?

मे 2025 मध्ये इराणी दिग्दर्शक जाफर पनाहीला ‘इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट’साठी कान चित्रपट महोत्सवाचं पाम डी’ओर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तेव्हापासून एक मजकूर पुन्हा फिरतोय. पुन्हा म्हणायचं कारण असं की पनाहीला काही मिळालं की हा उगवतोच. सार साधारण असं: “वीस वर्षांची बंदी म्हणे! आणि तेवढ्यात अर्धा डझन सिनेमे. घरात बसून मोबाइलवर काढलेला व्हिडिओ कानने माहितीपट म्हणून डोक्यावर घेतला. केकमध्ये पेनड्राइव्ह लपवून पाठवल्याची गोष्ट म्हणजे निव्वळ जाहिरात. माणूस पाश्चात्त्यांचा लाडका, एवढंच. बंदी नसती तर याला कुणी विचारलं नसतं.”

ज्यांच्याकडून हा मजकूर आला त्यातले काही जण सिनेमा बघणारे, विचार करणारे आहेत. म्हणून उत्तर.

आधी हिशेब. 20 डिसेंबर 2010 ला पनाहीला शिक्षा झाली: सहा वर्षं तुरुंग, आणि वीस वर्षं सिनेमा काढायचा नाही, पटकथा लिहायची नाही, मुलाखत द्यायची नाही, देश सोडायचा नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये अपिलातही ती कायम झाली. शिक्षा सुनावल्यापासून 2022 पर्यंत त्याचे मोठ्या लांबीचे पाच सिनेमे आले. सहावा, म्हणजे पाम डी’ओरवाला, या यादीत बसत नाही, कारण ऑक्टोबर 2022 मध्ये इराणच्या सर्वोच्च न्यायालयाने ती जुनी शिक्षा रद्द केली होती. तोही परवानगीशिवाय, लपूनछपूनच काढला, हा भाग वेगळा. तर पाच.

पाच कसे? मजकूर लिहिणाऱ्याच्या डोक्यात बंदी म्हणजे कुलूप आहे. एक तर लागलेलं, नाहीतर उघडं. इराणमध्ये सिनेमाला दोन परवाने लागतात आणि दोन्ही संस्कृती व इस्लामी मार्गदर्शन मंत्रालयाचे. लोक त्याला नुसतं ‘इर्शाद’ म्हणतात. पहिला चित्रीकरणाचा, दुसरा प्रदर्शनाचा. पनाहीला बंदीच्या आधीच दुसरा परवाना मिळेनासा झाला होता. ‘द सर्कल’, ‘क्रिमझन गोल्ड’, ‘ऑफसाइड’ हे तिन्ही सिनेमे त्याच्या देशातल्या थिएटरांत लागले नाहीत; लोकांनी ते चोरट्या डीव्हीडींवर बघितले. 2010 नंतर पहिल्या परवान्याचंही दार मिटलं. जे उरलं ते परवान्याशिवाय, आणि परवान्याशिवाय माणूस कॅमेरा घेऊन कुठे उभा राहू शकतो हे त्या पाच सिनेमांच्या जागा बघितल्या की कळतं. 2011, स्वतःचा फ्लॅट. 2013, कॅस्पियन समुद्राकाठचं स्वतःचं घर, खिडक्यांना पडदे लावून. 2015, स्वतः चालवलेली टॅक्सी. 2018, इराणच्याच अझरबैजान भागातली आडवाटेची गावं. 2022, सीमेलगतचं एक खेडं, जिथे बसून दिग्दर्शक पलीकडे तुर्कस्तानात चाललेलं शूटिंग लॅपटॉपवरून चालवतो आणि नेटवर्क गेलं की काम थांबतं. याच माणसाने 2005 मध्ये इराण-बहरीन फुटबॉल सामना चालू असताना तेहरानच्या आझादी स्टेडियमवर ‘ऑफसाइड’चं चित्रीकरण केलं होतं. हजारोंची गर्दी, खरा सामना, खरा निकाल. त्या स्टेडियमपासून या फ्लॅटपर्यंत जी जागा आक्रसली, तीच बंदी.

आता त्या ‘मोबाइल व्हिडिओ’कडे येऊ. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मजकुरातला सगळ्यात आळशी आरोप हाच आहे.

‘धिस इज नॉट अ फिल्म’ 2011 चा, सव्वा तासाचा. तो एकट्या पनाहीचा नाही. माहितीपटकार मोज्तबा मिर्तहमास्ब कॅमेरा घेऊन त्याच्या घरी आला. बहुतेक चित्रीकरण त्याचंच आहे, फोनवरचे तुकडे त्या मानाने थोडे. म्हणजे हे एका दिग्दर्शकाने दुसऱ्या दिग्दर्शकाचं काढलेलं व्यक्तिचित्र आहे. आणि हा सिनेमा नाही अशी तक्रार असेल, तर नावातच ती मान्य करून टाकली आहे.

शिक्षा सुनावलेली आहे, अपिलाचा निकाल यायचाय. पनाही घरात आहे. सकाळचा चहा, वकिलीणबाईंचा फोन, मुलीने पाळलेला इग्वाना पुस्तकांच्या कपाटावर चढतोय. मग तो एक युक्तिवाद काढतो: सिनेमा काढायला बंदी, लिहायला बंदी, पण लिहून झालेली पटकथा वाचायला आणि अभिनय करायला मनाई केल्याचं निकालात कुठे आहे? परवानगी न मिळालेली एक पटकथा तो हातात घेतो. त्यातल्या मुलीला तेहरानला कला शिकायला प्रवेश मिळालाय आणि आईवडिलांनी तिला घरात कोंडलंय. पनाही दिवाणखान्यातल्या गालिच्यावर चिकटपट्टी लावून तिची खोली आखतो. ही खिडकी, इथे पलंग, इथून जिना. तो रंगतो, आपणही रंगतो. आणि मध्येच तो थबकतो. सिनेमा नुसता सांगून भागत असेल तर काढायचा कशाला, असं काहीसं म्हणून उठून जातो.

थोड्या वेळाने तो जुन्या सिनेमांच्या डीव्हीडी लावतो. ‘क्रिमझन गोल्ड’मधला नवखा नट एका प्रसंगात डोळ्यांनी असं काही करून गेला की ते दिग्दर्शकाला सांगून करवून घेता आलं नसतं. ‘द सर्कल’मधली बावरलेली मुलगी धावते तेव्हा तिच्या घालमेलीचं अर्धं काम त्या जागेतल्या उभ्या खांबांनीच केलंय. नट आणि जागा या दोन्ही गोष्टी कागदावर नसतात, गालिच्यावरच्या चिकटपट्टीत तर नसतातच. सिनेमा माध्यम म्हणून काय असतो हे इतकं साधं करून सांगणारा दुसरा तुकडा मला चटकन आठवत नाही. तोही अशा माणसाकडून, ज्याच्याकडून नेमकं हेच काढून घेतलंय.

आणि एक जागा. पनाही सवयीने “कट” म्हणतो. मिर्तहमास्ब कॅमेरा थांबवत नाही. तू दिग्दर्शन करायचं नाहीस, गुन्हा आहे, असं त्याला सुनावतो. दोघं हसतात. घरगुती व्हिडिओत असे विनोद होत नाहीत.

केकबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. पेनड्राइव्ह केकमधून देशाबाहेर गेला ही गोष्ट त्या वेळी सर्वत्र छापून आली, आणि माझ्या मते ती गरजेपेक्षा जास्त चघळली गेली. केकमधून काय, पिशवीतून काय, सरळ मार्गाने पाठवायची सोय नव्हती एवढंच त्यातून घ्यायचं.

मग लाडकेपणा. यातलं अर्धं मी मान्य करतो. महोत्सवांना राजकारण आवडतं आणि त्यांना स्वतःला शूर दाखवायलाही आवडतं. 2010 मध्ये कानने परीक्षकांच्या रांगेत पनाहीची खुर्ची रिकामी ठेवली, दुसऱ्या वर्षी बर्लिननेही तेच केलं. त्यात कळकळ होती आणि कॅमेऱ्यांसाठी केलेली मांडणीही होती. ‘टॅक्सी’ला 2015 मध्ये मिळालेलं सुवर्ण अस्वल मला आजही थोडं उदार वाटतं, त्यातली पात्रं आपापला मुद्दा जरा जास्तच स्पष्ट बोलून दाखवतात. 2022 चा ‘नो बेअर्स’ त्याच्यापेक्षा कितीतरी वरचा. त्याला व्हेनिसमध्ये परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं तेव्हा पनाही एविन तुरुंगात होता. जुलै 2022 मध्ये अटक झालेल्या मोहम्मद रसुलोफ आणि दुसऱ्या एका दिग्दर्शकाची चौकशी करायला तो गेला आणि ‘तुझी ती जुनी सहा वर्षं बाकी आहेत’ म्हणून तिथेच ठेवून घेतला गेला. ऑक्टोबरमध्ये ती शिक्षा रद्द होऊनही फेब्रुवारी 2023 मध्ये उपोषणाला बसल्यावरच सुटला.

पण लाडका? एप्रिल 2001 मध्ये हाँगकाँगहून दक्षिण अमेरिकेत जाताना तो न्यूयॉर्कच्या विमानतळावर विमान बदलायला उतरला. इराणी पासपोर्ट, म्हणून बोटांचे ठसे मागितले. त्याने नकार दिला. अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्याला काही तास साखळीने बांधून ठेवलं आणि हाँगकाँगला परत धाडलं. त्यावर त्याने जाहीर पत्र लिहिलं. तेहरानच्या पोलिसांपुढे न झुकणारा माणूस न्यूयॉर्कच्या पोलिसांपुढेही झुकला नव्हता, हे फिरत्या मजकुरात कधीच नसतं.

‘बंदी नसती तर कोण विचारतं’ याला तर नुसत्या तारखा पुरतात. ‘द व्हाइट बलून’ला कानमध्ये पहिल्या चित्रपटाचा कॅमेरा डी’ओर 1995 मध्ये. ‘द मिरर’ला लोकार्नोचा सुवर्ण बिबट्या 1997 मध्ये. ‘द सर्कल’ला व्हेनिसचा सुवर्ण सिंह 2000 मध्ये. ‘ऑफसाइड’ला बर्लिनचं रौप्य अस्वल 2006 मध्ये. बंदी 2010 ची.

याच आरोपाची गोडगोड आवृत्ती पनाहीचे चाहतेही बोलतात, आणि ती मला जास्त खटकते: अडचणीतूनच कला फुलते, बंदीने त्याच्यातला खरा कलावंत बाहेर काढला. आपल्याकडे ‘सखाराम बाइंडर’बद्दल हेच ऐकायला मिळतं, की बंदीनेच नाटक गाजलं. 1972 मध्ये त्या नाटकाचे प्रयोग अडवले गेले तेव्हा कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. जाण्यासारखं कोर्ट होतं. पनाहीचा वकील ज्या कोर्टात जातो, त्याच कोर्टांच्या रांगेतून शिक्षा आलेली असते. आणि गालिच्यावर आखलेली ती खोली? ती पटकथा त्याने तशी कधीच चित्रित केली नाही. बंदीतून काय फुललं ते आपण मोजतो, कारण ते दिसतं.

आणखी एक आरोप अलीकडचा: ‘आता तर मजेत परदेशात फिरतोय.’ एप्रिल 2023 मध्ये चौदा वर्षांनी तो पहिल्यांदा देशाबाहेर पडला, हे खरं. पाम डी’ओर घेऊन तो तेहरानला परत गेला, हेही खरं. डिसेंबर 2025 मध्ये तो बाहेर असताना त्याच्या गैरहजेरीत एक वर्षाची कैद आणि दोन वर्षांची प्रवासबंदी सुनावली गेली.

आता जो मुद्दा मजकुरात नाहीच तो. किंमत एकट्या पनाहीने दिलेली नाही. मिर्तहमास्ब सप्टेंबर 2011 मध्ये सिनेमा घेऊन टोरोंटोला निघाला तेव्हा विमानतळावर त्याचा पासपोर्ट काढून घेतला गेला. पुढच्या काही दिवसांत आणखी काही माहितीपटकारांबरोबर त्याला अटक झाली आणि डिसेंबरमध्ये सोडलं गेलं. 2013 च्या ‘क्लोज्ड कर्टन’नंतर सहदिग्दर्शक कांबुझिया पार्तोवी आणि अभिनेत्री मरियम मोगद्दम यांचे पासपोर्ट गेले. ही मोगद्दम पुढे स्वतः दिग्दर्शिका झाली. 2024 मध्ये तिचा सिनेमा बर्लिनला निवडला गेला तेव्हा तिला आणि तिच्या सहदिग्दर्शकाला जाऊ दिलं नाही. ‘टॅक्सी’च्या शेवटी श्रेयनामावलीच नाही. काम करणाऱ्यांची नावं लिहिली की ती पोलिसांच्या हाती आयती यादी.

‘धिस इज नॉट अ फिल्म’ संपतो तो नवरोजच्या आधीच्या, आगी पेटवायच्या रात्री. चहारशंबे सूरी. बाहेर फटाके फुटताहेत. मिर्तहमास्ब निघून गेलाय, कॅमेरा आता पनाहीच्या हातात आहे. इमारतीतला कचरा गोळा करायला एक विद्यार्थी आलाय, पनाही त्याच्याबरोबर लिफ्टने मजल्यामजल्यावर थांबत खाली उतरतो. फाटकाबाहेर जाळ दिसतो. तो मुलगा म्हणतो, पनाहीसाहेब, बाहेर येऊ नका, कॅमेऱ्यासकट दिसाल. पनाही फाटकाच्या आतच थांबतो. मग पडदा काळा होतो आणि आभाराची पाटी येते. सहकाऱ्यांचे आभार, आणि नावांच्या ठिकाणी कोरी जागा.