माझ्या जन्माला साक्षीदार पाहिजे

काल भर दुपारी, मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाबाहेरच्या कडुनिंबाखाली माझ्या जन्माचा निकाल लागायचा होता. लागला नाही. पाचशेचा स्टॅम्प पेपर मात्र वाया गेला.

मुलगा न्यू जर्सीत असतो, आता तिकडचा नागरिक झाला. नुसतं ग्रीन कार्ड असून आईबापांना कायमचं नेता येत नाही, नागरिकच व्हावं लागतं. मग आय-१३० नावाचा अर्ज भरतात. भावाबहिणींना म्हणे त्यात वर्षानुवर्षांची रांग, आईबापांना नाही. "बाबा, तुम्ही इमिजिएट रिलेटिव्ह आहात," त्यानं फोनवर कौतुकानं सांगितलं. चव्वेचाळीस वर्षं मी स्वतःला नुसता बाप समजत होतो. त्याच अर्जात माझा उल्लेख 'लाभार्थी' असाही आहे. उभी नोकरी सरकारी खात्यात केली, लाभार्थ्यांना खिडकीतून परत पाठवलं, आता हे.

तर लाभार्थ्याला जन्माचा दाखला लागतो. माझा नाही. १९५२ साली महाल भागातल्या वाड्यात सुईणीच्या हातून जन्मलो. मूल घरात रडून राहिलंय, मग ते झालं असं आणखी कुठे जाऊन सांगायचं, असा आजोबांचा हिशेब. शाळेच्या दाखल्यावर १ जुलै आहे. आमच्या मास्तरांनी अर्ध्या वर्गाला १ जुलैलाच जन्माला घातलं होतं. बायकोचं तर विचारूच नका, लग्नात तांदळाच्या ताटात तिचं नाव बदललं, त्यामुळे कागदोपत्री माझ्या घरी दोन बायका आहेत.

उपाय एकच. जन्माची नोंद सापडत नाही असा दाखला आणायचा आणि सोबत आपल्याहून वडील नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र जोडायचं, की याचा जन्म मला प्रत्यक्ष माहीत आहे. त्र्याहत्तराव्या वर्षी आपल्याहून मोठा, हयात आणि शुद्धीवर असलेला नातेवाईक शोधून बघा एकदा. आमच्याकडे एकच शिल्लक आहे. आत्या. वय ८६.

आत्या नऊवारीत, डोक्यावर ओला पंचा, कनवटीला कांदा अशी रिक्षातून उतरली. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई. टायपिस्ट पोरगा पंचविशीतला असेल.

"काकाजी, जन्मस्थान?"

"नागपूर."

"राज्य?"

"मध्य प्रदेश."

"महाराष्ट्र ना?"

"१९५२ साली नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती. १९५६ला आपण मुंबई राज्यात गेलो, १९६०ला महाराष्ट्रात." महालातून पाऊल न हलवता मी तीन राज्यं केली आहेत, तेव्हा कोणी माझ्याकडे कागद मागितला नव्हता. पोरानं मोबाइलमध्ये बघून खात्री केली. माझ्या तोंडावर विश्वास नाही, हे लक्षात आलं.

मग त्यानं खडखड टाइप करून आत्याला वाचून दाखवलं. "...यांचा जन्म दिनांक १ जुलै १९५२ रोजी माझ्या समक्ष..."

"थांब," आत्या म्हणाली. "काहून १ जुलै?"

"आजी, शाळेच्या दाखल्यात आहे."

"मास्तर होता का तिथे? मी होती. हा मारबतीच्या दिवशी झाला."

आता नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे, सगळे पुतळेच, आणि अख्खं गाव ओरडतं, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत'. म्हणजे ऑगस्ट, नाहीतर सप्टेंबर. जुलै काही केल्या नाही.

"आत्या, तारीख जुळली पाहिजे गं. पासपोर्टवरही तीच आहे."

"मग पासपोर्टालाच साक्षीला उभा कर. मला कशाला उन्हात आणलं?" ती टायपिस्टकडे वळली. "मी तेरा वर्षांची. वहिनी आत कण्हून राहिली होती. मला सुईणीला आणायला धाडलं, तर बडकस चौकात ही गर्दी! मारबत आडवी आली. मी तशीच घुसली, सुईणीचा हात धरून ओढत आणली. हा झाला तेव्हा बाहेर लोक ओरडून राहिले होते, घेऊन जा गे मारबत, घेऊन जा." इथे तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "याला सोडून गेली."

शेजारच्या टेबलावरचा वकील हसला. घटस्फोटाला आलेलं एक जोडपं होतं, तेही हसलं. दोघं मिळून हसले, हेही नोंदवून ठेवतो.

"आजी, ॲडजस्ट करा ना," टायपिस्ट म्हणाला.

"शपथेवर? या वयात? आता माझे किती दिवस राहिले, अन् वर जाऊन मी काय सांगू?"

अर्धा तास मनधरणी झाली. शेवटी तिनं पेन मागितलं. मला वाटलं, सुटलो. बाईंनी आधी 'प्रतीज्ञापत्र'मधली दीर्घ वेलांटी खोडून ऱ्हस्व केली आणि सहीच्या वर, वळणदार अक्षरात लिहिलं: 'तारीख शाळेची आहे. मला मारबत आठवते.' नोटरीनं कागद पाहिला, शिक्का उचलला, आणि परत डबीत ठेवला.

मुलाला फोन केला तर तो म्हणे, "बाबा, असल्या कामाला सकाळी जायचं ना!" तिकडच्या गारव्यात बसून बोलणं सोपं आहे. त्याला आमची काळजी वाटते, खरं आहे. पण त्याची काळजी मिटावी म्हणून घर मी विकायचं, दाखले मी गोळा करायचे, मुंबईला मुलाखतीला मी जायचं. पासष्टीवरच्यांचा तिकडचा सरकारी विमा म्हणे सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय नवख्यांना विकतही मिळत नाही, म्हणजे अठ्ठ्याहत्तरपर्यंत मी आजारी पडायचं नाही. आणि करमलं नाही म्हणून इकडे येऊन वर्षाच्या वर राहिलो, तर कार्डच धोक्यात. 'येता का?' असं मात्र कोणी विचारलं नाही. फोनवर सुरुवातच 'कधी येता?' अशी झाली होती. सूनबाईची नोकरी, नातवाची शाळा तीन वाजता सुटते, हे सगळं मला कळतं. कळतं म्हणूनच जास्त राग येतो.

पुढच्या मंगळवारी पुन्हा जायचंय. नोटरीनं नवा मजकूर सुचवलाय, 'सन १९५२ च्या सुमारास'. आत्यानं 'सुमारास' चालवून घेतलं, पण रिक्षा नको म्हणाली, एसीची गाडी पाहिजे. परतताना रिक्षात कांदा हुंगत होती.

"तुझं झालं की माझंही एक करून घे रे. जन्माचं. माझ्याकडेही नाही."

"करू ना," मी म्हणालो.

मग तिच्याहून मोठं कोण आहे, ते मनात मोजायला लागलो. धंतोलीचे काका गेले. वर्ध्याची मावशी गेली. बडकस चौक आला तरी एकही नाव सापडलं नव्हतं.