हजार, की हजारावर ब्याण्णव?

रविवारी सकाळी कट्ट्यावर मेगाब्लॉक आणि खड्डे हे दोन ठरलेले विषय उरकले आणि पक्याने पिशवीतनं एक चोपडी काढली. रद्दीवाल्याने दहा रुपयांना दिली म्हणाला. कव्हर गायब, पहिली चार पानं गायब, कागद इतका पिवळा की कोपरा धरला तर कोपराच हातात येतो, आणि सतराव्या पानावर कुठल्यातरी सर्क्युलेटिंग लायब्ररीचा जांभळा शिक्का, तोही अर्धा पुसलेला. ना नाव, ना साल, ना लेखक. अण्णांनी उभ्याउभ्याच अर्धं पान वाचलं आणि म्हणाले, झुंजार आहे, विजया पण आहे, म्हणजे बाबूरावच.

मन्या आमच्यातला धाकटा. त्याने विचारलं, कोण बाबूराव? अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की विचारू नका. अरे अर्नाळकर, रहस्यकथावाले! त्यांचे हिरो म्हणजे झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा तो छोटू! आम्ही अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायचो, रात्री दिवा काढून घेतला की जिन्यातल्या उजेडात.

मग अण्णांनी जाहीर केलं की या माणसाने हजार कादंबऱ्या लिहिल्या. झालं, पक्या बँकेत, आकडा ऐकला की त्याच्या अंगात येतं. म्हणे हजार नाही, गिनीज बुकात १०९२ छापलंय, १९३६ ते १९८४. आणि कादंबऱ्या असंही म्हटलेलं नाही, छोट्या रहस्यकथा, पुस्तकरूपाने छापलेल्या, असं आहे. सगळ्यात जास्त कादंबऱ्यांचा मान त्यांनी कॅथलीन लिंडसे नावाच्या बाईंना दिला होता, ९०४ वाल्या. अण्णा म्हणाले गोरे लोक मोजणार तर गोऱ्यांनाच पहिला नंबर देणार. मी मोबाईलवर हिशोब केला, एकोणपन्नास वर्षं धरली तर वर्षाला बावीस, म्हणजे दर सोळा-सतरा दिवसांना एक पुस्तक! मला सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त लिहायला तीन आठवडे लागतात.

इथपर्यंत ठीक होतं, पण माणूस कोण हे बघायला गेलो तर पहिल्याच पायरीला ठेच. अर्नाळकर हे नावच टोपण, खरे ते चंद्रकांत सखाराम चव्हाण. गिनीजवाले जन्म १९०७ चा लिहितात आणि इकडे मराठीत १९०६, तारीख मात्र दोन्हीकडे ९ जूनच. पक्या म्हणाला गिनीजची चूक. मास्तर म्हणाले चूक कशाला, त्या काळात शाळेत घालताना हेडमास्तर लिहील ते साल, माझंच दीड वर्ष वाढवलेलं आहे आणि रिटायर मात्र कागदावरच्या तारखेला झालो. हे ऐकून सगळे जरा गप्प झाले, मास्तरांची दीड वर्षाची पेन्शन हा इथला जुना दुखरा विषय आहे. बाबूराव गेले ते १९९६ ला, म्हणजे नव्वदीला आलेले, त्यावर मात्र कोणी भांडलं नाही.

खरी जुंपली ती पुढे. मास्तरांचं म्हणणं, सगळी इंग्रजीतली उचलेगिरी, एडगर वॉलेस वगैरे इंग्रज रहस्यकथावाले वाचून इकडे नावं बदलायची, म्हणून वाङ्मयाच्या इतिहासात या माणसाला ओळभर जागा नाही. अण्णा भडकलेच. म्हणाले इंग्रजीवरनं नाटकं घेतली ती रूपांतरं, आणि रहस्यकथा घेतली की चोरी? मला विचाराल तर मास्तरांचं अर्धं खरं आहे, सांगाडे बाहेरचे होतेच, पण काळापहाड हे नाव काय लंडनला सुचलंय? आणि ज्यांनी पुढे जाडी जाडी पुस्तकं वाचली त्यातल्या किती जणांना वाचायची चटक या चोपड्यांनी लावली ते कोणी मोजलं नाही. मन्याने मध्येच दुसरे रहस्यकथावाले गुरुनाथ नाईक यांचं नाव काढलं, त्याच्या मामाकडे त्यांच्या गोलंदाजच्या पुस्तकांची थप्पी होती म्हणे. त्यांचीही हजारावर, तेही २०२१ ला गेले. पण अण्णांच्या लेखी नाईक म्हणजे कालचा पोरगा.

मग मन्याला सुचलं की लायब्रऱ्यांत जाऊन यादीच करू. अण्णा हसले. चार आण्याची पुस्तकं, पन्नास हातांतनं गेली की पानं सुटायची, सुटली की रद्दीत, चांगल्या लायब्रऱ्या ठेवून घ्यायच्याच नाहीत. जी जास्त वाचली गेली तीच आधी संपली. म्हणून पक्याची ही दहा रुपयांची चोपडी बघा, लोक वाचून फाडायचे राहिले म्हणून उरली असेल, कदाचित बाबूरावांचं भिकार पुस्तक असेल!

शेवटची दोन पानंही नव्हतीच. अण्णा म्हणाले शेवट मला पाठ आहे, आणि सांगितलाही, विजया वेळेवर मोटार घेऊन येते वगैरे, पण मास्तर म्हणाले हा तर दुसऱ्याच पुस्तकाचा शेवट. पुन्हा वाजलं. चहाचे पैसे शेवटी मन्याने दिले. अण्णांनी चोपडी पिशवीत टाकली, म्हणे आज रात्री बघून खात्री करतो, पुढच्या रविवारी आणतो.

तीन रविवार झाले. रोज विसरतायत.