हुर्राक जूनपर्यंत थांबत नाही, बायांनो

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. कंटाळा येणाऱ्यांनी खुशाल पुढे जा.

झालं काय, उद्या आम्ही शाळेतल्या मैत्रिणी माझ्याकडे फोंड्याला जमणार होतो. फार काही नाही, हुर्राक (काजूच्या बोंडांची हंगामी दारू), सुक्या सुंगटांची म्हणजे सुकटाची किसमूर, हुमण-भात (माशाची आमटी आणि भात) आणि गप्पा. दुपारी एकीचा मेसेज आला (नाव घेत नाही, ती हे वाचणारच आहे), "अगो वीकडेला कुठे, पुढच्या महिन्यात असगावला मस्त टेबल बुक करूया ना, तिथे हुर्राकचं कॉकटेल पण देतात, जरा नीट एन्जॉय करू." आणि लगेच दोघींचे अंगठे वर!

पुढच्या महिन्यात. म्हणजे जूनमध्ये. अगो, तुम्ही गोव्यातच वाढलात ना? पाऊस लागला की बोंडं कुजतात, भट्ट्या बंद होतात, आणि हुर्राक म्हणजे काय फेणी आहे का वर्षानुवर्षं बाटलीत मुरत बसायला? एकदाच गाळलेला माल तो, ठेवला की चव उतरते. 1 जूनपासून 61 दिवस ट्रॉलर बंद, म्हणजे मासळीची बोंब. मानकुराद आंब्याला पावसाचं पाणी लागलं की कापल्यावर आत किडे. मे महिन्यातल्या एकाही चांगल्या गोष्टीला तुमच्या कॅलेंडरची पडलेली नाहीय.

मला माझी मामी आठवते अशा वेळी. आजोळ सत्तरी तालुक्यात, काजूची बागायत. मामी सकाळी उन्हं चढायच्या आत बोंडं गोळा करायला जायची, मग बसून एकेक बी पिरगळून काढायची, हात चिकाने काळे. बोंडं कोळंबीत (तुडवायच्या कुंडीत) तुडवून झाली की चोथ्याचा ढीग बांधून वर धोंडा ठेवायचे आणि खालून नीरो, म्हणजे ताजा रस, थेंब थेंब गळत राहायचा, आम्ही पोरं तिथेच तांब्या घेऊन उभी. एवढं सगळं करून, वर घरचा स्वयंपाक करून, संध्याकाळी ती आणि शेजारची काकी सोप्यावर बसायच्या. स्टीलचे ग्लास. हुर्राक, लिम्का, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा, त्याची साल नखाने सोलून थोडं थोडं तोंडात टाकायच्या आणि दोन तास नुसत्या हसायच्या. मामा आला की विचारायचा, "आयज किदें विशेस?" मामी म्हणायची, "बुधवार."

बस्स. मला एवढंच म्हणायचंय खरं तर.

आपण चांगलंचुंगलं खाणं-पिणं म्हणजे काहीतरी कमवायची गोष्ट करून ठेवलीय. आठवडाभर डब्यातलं कसंतरी गिळायचं, लॅपटॉपसमोर, काय खाल्लं ते रात्री आठवत नाही, आणि मग महिन्यातून एकदा कुठेतरी जाऊन माणशी दोन-तीन हजार द्यायचे आणि म्हणायचं जगलो. मागच्या वेळी गेलो होतो ना अशाच एका ठिकाणी? हुर्राकमधून धूर येत होता. धूर! मिरची कुठेय विचारलं तर वेटर म्हणे मॅडम इट्स इन्फ्यूज्ड. गाणी इतक्या मोठ्याने की मी समोरचीशी एक वाक्य बोलले नाही, सगळ्यांचे फोटो मात्र झकास आले. मामीने तो ग्लास बघितला असता तर परसात ओतला असता.

हो, कधीतरी आयतं पुढ्यात येऊन बसायला बरं वाटतं, मान्य. भांडी घासावी लागत नाहीत हेही मान्य, आणि जन्मभर भांडी बायकांनीच घासलीत तेव्हा त्यावर मी काय बोलणार. आणि कोणी कमेंटमध्ये शहाणपणा शिकवायच्या आत सांगते, दारूने बुडालेली घरं मीही बघितलीत, सत्तरीतच बघितलीत. एक ग्लास आणि दोन तास गप्पा याबद्दल बोलतेय मी. आमच्यातली एक तर पीतच नाही, ती कोकम सोडा घेते आणि सगळ्यात जास्त तीच बडबडते.

पैशाचाही प्रश्न नाही हो. इसवणाला (सुरमईला) हात लावायची सोय नाही सध्या, कबूल, पण किसमुरीला लागतं काय? मूठभर सुकी सुंगटां भाजायची, खोबरं, कांदा, आंबसाण (काहीतरी आंबट), मिरची, हाताने चुरायचं. दहा मिनिटं. मामीकडे तरी कुठे काय होतं, पावसाच्या पुरुमेंतासाठी (पावसाळ्याच्या साठवणीसाठी) आणलेल्या खाऱ्या बांगड्यांतलाच एक काढून भाजायची आणि मामा ओरडला तरी ढिम्म.

आता हे लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. जिने मेसेज टाकला तिचं मला माहीत आहे. सासू अंथरुणाला खिळलेली, मुलाची बारावी झालेली, पणजीहून ऑफिस करून घरी पोचायला सात वाजतात. तिला वाटत असेल की बसायचं तर सगळं आटपून निवांत बसू. पण अगो, ते सगळं आटपणार कधी? मामीचं कधी आटपलं होतं? धुवायची भांडी तशीच असायची मागे, आम्ही पोरं भुकेने किरकिरत असायचो आणि ती तिथून ओरडायची, "पेज आसा, वाडून घेयात!" काकी उठायला लागली की हाताला धरून खाली बसवायची, "बस गो, काम खंय पळून वचना." काम कुठे पळून जात नाही.

आता मामी मुलाकडे वास्कोला, तिसऱ्या मजल्यावर, गुडघे गेलेत. काकी अजून गावात आहे आणि माझ्या फ्रिजमधला हुर्राक तिनेच भाच्याच्या हाती पाठवलाय, दोन बाटल्या. एक मामीला पोचली. फोनवर मामी म्हणाली सून शिवराक (शाकाहारी) आहे, पण लिम्का तीच आणून देते.

तर उद्याचं रद्द नाही. सोमवारी आपण शिवराक, गुरुवारी अर्ध्याजणी शिवराक, वीकेंडला तुमच्याकडे पाहुणे, मग उरलं काय? साडेसात वाजता या. उशीर झाला तर आठला या, नऊला या. जिला गाडी चालवायचीय तिने पिऊ नका किंवा इथेच झोपा, गाद्या आहेत, टॅक्सीचा विषय गोव्यात काढू नका. सासूबाईंसाठी हुमण वेगळं काढून ठेवते, कमी तिखट, डब्यात घालून दे घरी जाताना. पोदेर (पाववाला) पाचला येतो, उंडे (गोल पाव) मी घेते. लिम्का आणि बर्फ मात्र कोणीतरी आणा, माझ्या फ्रिजचा फ्रीजर पुरुमेंताने भरलाय.