पगारपत्रकावरचा धर्म

भारताच्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने आला. त्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळल्या, तरी भांडण मिटलेलं नाही. हल्ली त्याला एक जोड मिळते: युरोपात सरकार चर्चला हात लावत नाही, मग आमच्याच देवळांना का? जर्मनीत राहणाऱ्याला हे अर्धं चित्र स्वस्थ बसू देत नाही.

जर्मन राज्यघटनेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्दच नाही. उद्देशिकेत देवाचा उल्लेख आहे. १४०व्या कलमाने १९१९च्या वायमार घटनेतली धर्मविषयक कलमं उचलून घेतली: राज्याचं असं चर्च नसेल, पण चर्चला सार्वजनिक संस्थेचा दर्जा आणि सभासदांकडून कर घेण्याचा हक्क असेल. तो कर बहुतेक ठिकाणी सरकारी वित्त कार्यालयच गोळा करतं.

पत्ता नोंदवण्याच्या अर्जातच धर्माचा रकाना असतो. हिंदूंनी तो कोरा सोडला की विषय संपतो. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिकांनी मात्र सावध असावं. बाप्तिस्मा तिकडे झालेला असला तरी इथे सभासदच धरतात. कर उत्पन्नावर नव्हे, आयकरावर बसतो: ९ टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८. वर्षाचा आयकर ६,००० युरो असेल तर ९ टक्क्यांनी ५४० युरो, तेही दरमहा पगारातूनच कापले जातात. नको असेल तर पाद्र्याला सांगून भागत नाही. राज्याप्रमाणे स्थानिक न्यायालयात किंवा जन्म-विवाह नोंदणी कार्यालयात सभासदत्व सोडल्याची नोंद करावी लागते. मिळालेला दाखला जन्मभर जपून ठेवावा, कारण पुढे कधीही पुरावा मागितला जाऊ शकतो.

आपल्या २७व्या कलमाने एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी राखलेला कर भरण्याची सक्तीच नाकारली. २८व्या कलमाने पूर्णतः सरकारी खर्चाच्या शाळांत धर्मशिक्षण बंद केलं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी शाळांत तो वेळापत्रकातला विषय आहे.

चर्च आपला कारभार स्वतः पाहतं, हे खरं. म्हणूनच कॅथलिक चर्च स्त्रीला धर्मगुरू करत नाही आणि सरकारला त्यात बोलता येत नाही. हाच नियम पंढरपूरला लावून पाहा. १९४७ साली साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे दलितांना विठ्ठलाच्या पायांशी जाता आलं. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३च्या कायद्याने रद्द केले, पण कोर्टकचेऱ्या २०१४पर्यंत चालल्या. त्यानंतर सरकारने नेमलेल्या मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. सरकारने हात लावला नसता तर हे कोण करणार होतं? हिंदू देवस्थानं सर्वांना खुली करण्याचा अधिकार २५व्या कलमात लिहून ठेवला आहे, तो यासाठीच.

समित्यांवर सत्ताधाऱ्यांची माणसं बसतात, ही तक्रार मला पूर्ण पटते. तिचा इलाज नेमणुकांच्या नियमांत आहे: ठरलेली पात्रता, ठरलेली मुदत, सरकार बदललं म्हणून समिती बरखास्त न होणं. २६व्या कलमानेही रेघ आखून दिलीच आहे: धर्माच्या बाबी संप्रदायाच्या हाती, मालमत्तेचा कारभार कायद्याप्रमाणे. काकडआरती कशी करायची ते संप्रदायाने ठरवावं, आणि दानपेटीचा हिशेब धर्मादाय आयुक्तांपुढे दरवर्षी जावा.