खापरपणजोबांची बढती

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायचा, असे काकांनी ठरवले आणि विठोजींचे प्रकरण माझ्या गळ्यात आले. विठोजी म्हणजे माझे खापरपणजोबा. ते इंग्रजांच्या दहाव्या पलटणीत होते आणि हबसाणाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियातल्या, लढाईला गेले होते, एवढ्यावर घरात एकमत आहे. हुद्द्यावर नाही. आजी त्यांना नाईक म्हणायची, वडील हवालदार म्हणायचे आणि आत्या सुभेदार म्हणते. निधनानंतर दर पिढीला एक बढती घेणारा दुसरा शिपाई मुंबई इलाख्यात झाला नसावा. त्या काळी देशी माणसाची मजल सुभेदार-मेजरपर्यंतच जात असे, आणि तोही विलायतेहून कालच उतरलेल्या, मिसरूड न फुटलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली राही. हे बंधन नसते, तर आत्याने एव्हाना त्यांना कर्नल केले असते.

‘‘छापायचे तर कागद हवा,’’ काका म्हणाले. ते महसूल खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे सातबारा दाखवल्याशिवाय त्यांचा डोंगरावरही विश्वास बसत नाही.

वास्तविक कागदाहून बळकट पुरावा आमच्या घरात होता. हबसाणच्या, म्हणजे अ‍ॅबिसिनियाच्या, १८६७-६८ सालच्या मोहिमेचे पदक चांदीचे होते. दर्शनी बाजूला नऊ टोकांच्या चांदणीत राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा, टोकांच्या मधल्या जागांत त्या देशाच्या इंग्रजी नावाचे एकेक अक्षर आणि पाठीमागे पानांच्या वेढ्यात, भर मध्यभागी, खुद्द शिपायाचे नाव. एरवी पदकाच्या कडेवर, भिंग लावावे लागेल अशा अक्षरांत नाव कोरण्याची पद्धत. या एका पदकावर सरकारने हात सैल सोडला होता. आमच्या पूर्वजांनी ते पदक आजीच्या लग्नात जोडव्यांसाठी आटवले. ती जोडवी अजून आत्याकडे आहेत. मी ती खिडकीशी नेऊन, उलटसुलट करून, भिंगाखाली पाहिली. आतल्या बाजूला एक पुसट रेघ दिसली आणि क्षणभर छातीत धडधडले. ती सोनाराच्या पकडीची खूण निघाली.

मग मी लंडनच्या भाच्याला कामाला लावले. तो बिचारा एका शनिवारी क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात गेला आणि तिथून त्याचा उत्साहाने फोन आला, की इथे १७६० पासूनचे सैनिकांचे निवृत्तीचे कागद आहेत आणि त्यांत काय नाही ते विचार. त्याने एका आयरिश शिपायाचा कागद वाचून दाखवला. उंची पाच फूट सहा इंच, केस तांबूस, डोळे करडे, मूळ धंदा विणकर. त्या विणकराला मी आज रस्त्यात ओळखू शकेन.

‘‘आणि आपले विठोजी?’’ मी विचारले.

‘‘मामा, ते इथे नसणार. ही राणीची फौज. मुंबईची फौज वेगळी, तिचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत.’’

पुढच्या शनिवारी तो तिथे गेला. त्या कागदांत गोऱ्या अधिकाऱ्यांचे जन्म, लग्ने, रजा, कर्जे आणि मृत्युपत्रे असे सगळे काही होते. देशी शिपायांच्या एकेकट्या नोंदी मात्र बहुतेक जपल्याच गेलेल्या नाहीत; त्यांची गणती तक्त्यांत होते, अमुक हजर, अमुक आजारी, अमुक रजेवर. विठोजी यांपैकी एका रकान्यात निश्चित आहेत. ते हजर होते की आजारी, एवढेच ठरवायचे आहे.

जिथे नाव सापडण्याची शक्यता, तिथे लिहिणाऱ्या साहेबाच्या कानाची अडचण. आडनाव लिहिण्याचा प्रघात नव्हता आणि इंग्रजांच्या जिभेवर विठोजीचा विटोजी, विट्टूजी, वेथूजी असा काहीही होऊ शके. कोरेगावच्या स्तंभावरच्या ‘नाक’ लावलेल्या नावांचाही इंग्रजीत असाच ‘नॅक’ झालेला आहे. पण ती माणसे निदान दगडात तरी राहिली. भाच्याने एक वेथूजी शोधून काढला, त्यावर काका हरखले. तो १८२० साली वारला होता, म्हणजे लढाईच्या अठ्ठेचाळीस वर्षे आधी.

पलटणीच्या मागे लागावे, तर तिने नावे बदलण्यात भाडेकरूंवर ताण केली होती. १८२४ पूर्वी ती पाचव्या रेजिमेंटची दुसरी पलटण होती, मग मुंबईची दहावी झाली, १९०३ साली किचनेर साहेबांच्या फेरआकड्यांत एकशे दहावी, १९२२ साली पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी आणि आता ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण आहे. हे आत्याच्या कानावर घालण्याची चूक मी केली. तेव्हापासून विठोजी विमानातून उड्या मारत असत.

या मोहिमेचे आकडे मात्र चोख आहेत. सेनापती नेपियर यांच्याबरोबर सुमारे १३,००० सैनिक होते आणि त्यांच्या दिमतीला त्याहून कितीतरी जास्त नोकरमाणसे. तोफा वाहायला मुंबईहून आगबोटींतून नेलेले हत्ती ४४ होते. १३ एप्रिल १८६८ रोजी मगदलाचा किल्ला पडला. चव्वेचाळीस हत्तींचा हिशेब लागतो आणि एका खापरपणजोबांचा लागत नाही, हे मी काकांना खेदाने कळवले. दिमतीच्या माणसांचाही उल्लेख केला, कारण विठोजी शिपाई नसून पखालवाले असण्याची शक्यता नाकारता येत नव्हती. काकांनी फोन ठेवला.

शेवटी मी अत्यंत जपून दोन ओळी लिहून दिल्या: ‘विठोजी मुंबईच्या फौजेबरोबर हबसाणास गेले होते, अशी घरात आठवण आहे. हुद्दा ज्ञात नाही.’ गेल्या आठवड्यात छापखान्यातून मुद्रिते आली. माझ्या दोन ओळींच्या जागी ‘सूभेदार-मेजर विठोजी, मगदलाचे वीर’ असे ठळक अक्षरांत होते. मी लाल शाई घेतली आणि ‘सू’ ऱ्हस्व केला.