आयव्हरमेक्टिनने मरतो तो डास, मलेरिया नव्हे

'आयव्हरमेक्टिनची एक गोळी घ्या, मलेरिया होणार नाही' हा फिरणारा दावा चुकीचा आहे. हे औषध रक्तातल्या मलेरियाच्या परजीवींवरचा उपचार नाही. गोळी घेतलेल्याला चावलेला डास त्या रक्तामुळे लुळा पडून मरतो, पण चावा आधीच बसलेला असतो! म्हणून एकट्याने घेऊन उपयोग नाही. वस्तीतल्या बहुतेकांनी एकाच वेळी घ्यावी लागते. केनियातल्या क्वाले इथल्या चाचणीत किलोमागे 400 मायक्रोग्रॅम, महिन्यातून एकदा, 3 महिने दिल्यावर 5 ते 15 वर्षांच्या मुलांमधला संसर्ग 26 टक्क्यांनी घटला, तोही मच्छरदाण्यांच्या जोडीने. असर काही दिवसांत ओसरतो. गर्भवतींना आणि 15 किलोंखालच्या मुलांना वगळतात. ताप आल्यास रक्ततपासणी आणि मलेरियाचंच औषध.